बघून सांगा

लिफ्ट हातभर खाली आली आणि थांबली. झालं ते एवढंच. कुणाला खरचटलं नाही, काही तुटलं नाही, वरच्या मजल्यांवर कुणाच्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नसेल. मी लिफ्टखालच्या खड्ड्यात तळाचे बोल्ट आवळत उकिडवा बसलो होतो, हातात पाना होता, आणि डोक्यावरचं ते ग्रीसनं काळं पडलेलं लिफ्टचं बूड, जे मी अर्धं आयुष्य खालून बघत आलोय, ते एकदम जवळचं दिसायला लागलं. मग वर मोटर घुरघुरली नि गप्प झाली. शाफ्टच्या पोकळीतून मामांचा आवाज आला, "अरे, स्विच चिकटला होता! ठीक आहेस ना?" मी म्हटलं, "ठीक आहे." आणि खरंच ठीक होतो की. पाना खिशात घातला, चढून बाहेर आलो, हात पुसले. बाहेर एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभ्या होत्या. 'काम चालू आहे' असा भलामोठा बोर्ड नाकासमोर लटकत असताना त्यांनी सवयीनं बटण दाबलं होतं. "चालू झाली का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झालीच होती." त्यांना काही कळलं नाही. मलाही तेव्हा कुठे कळलं होतं?

आमचं काम जुन्या लिफ्टांचं. नव्या लिफ्टांना खाली खड्ड्यातच एक लाल बटण असतं. ते दाबलं की वर कुणी काहीही करो, लिफ्ट हलत नाही. आमच्या वाट्याला ज्या इमारती येतात तिथे ते बटण एकतर नसतंच, नाहीतर गंजून दगड झालेलं असतं. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, हेही खरं. पण त्या दिवशी बिघाड दाराच्या लॉकचाच होता, ते आम्ही काढून ठेवलं होतं आणि त्याच्या जागी तात्पुरती वायर जोडली होती, त्यामुळे उघड्या दारानंही लिफ्ट हलली असती. अशा वेळी भरवसा एकाच गोष्टीचा. वर, गच्चीवरच्या मशीन रूममधला मेन स्विच आणि त्याच्यापाशी उभा असलेला माणूस. खड्ड्यातला माणूस तोंड वर करून विचारतो, "बंद?" वरचा स्विच पाडतो आणि म्हणतो, "बंद." मग खालच्यानं कामाला हात घालायचा. मला हे मामांनी शिकवलं. मामा म्हणजे माझे सासरे. आधी माझे उस्ताद होते, मग सासरे झाले. मामा मात्र पहिल्यापासून, कारण कंपनीत त्यांना लहानथोर सगळेच मामा म्हणतात. शिकवताना म्हणायचे, "हे दोन शब्द म्हणजे तुझा जीव. माझ्या तोंडात ठेवायला देतोयस, लक्षात ठेव." मी ठेवलं. इतकी वर्षं त्यांच्या तोंडात बिनघोर ठेवून दिला.

त्या दिवशी हात पुसून मी जिना चढून वर गेलो. तो स्विच पाडला, चढवला, पुन्हा पाडला, पुन्हा चढवला. लोण्यासारखा चालत होता. मामा खिडकीपाशी पाठमोरे उभे राहून चष्मा पुसत होते. तो चष्मा पुसून पुसून झिजायची वेळ आली तरी वळेनात. "जुना माल रे," ते म्हणाले, "कधी धरतो, कधी सोडतो. साहेबांना सांगून बदलून घेऊ." मी म्हटलं, "हो, घेऊ." आमच्या दोघांमध्ये तो स्विच भिंतीवर गुपचूप बसला होता, आणि तो चिकटलेला नव्हता हे मला माहीत होतं. मामांनी 'बंद' म्हटलं होतं, बंद केलं नव्हतं. मोटर कानाशी घुरघुरल्यावर त्यांनी धावत येऊन तो पाडला होता. लबाडी नव्हे ही. मामांना लबाडी जमत नाही, पत्त्यांतसुद्धा चेहऱ्यावरून पान कळतं त्यांचं. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण पाडला होता. विचारलं की उत्तर द्यायचं, ही सवय इतकी मुरली होती की उत्तर आधी बाहेर पडत होतं आणि हात मागे राहत होता.

मग घरातलं सगळं एकेक करून आठवायला लागलं. सासूबाई गेल्यापासून मामा आमच्याकडेच असतात, पुढच्या खोलीत. बायको विचारते, "बाबा, दार लावलंत?" "लावलं." आणि दार सताड उघडं. "गोळी घेतलीत?" "घेतली." आणि गोळी टेबलावर, पाण्याच्या पेल्याशेजारी, आपली वाट बघत बसलेली. बायको हसायची. म्हणायची, "आमच्या बाबांना नाही म्हणताच येत नाही." मीही हसायचो. एकदा तर तिनं मुद्दाम विचारलं, "बाबा, हत्तीला आंघोळ घातलीत?" "घातली," मामा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, आणि आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. घरातल्या दाराचं काय, उघडं राहिलं तर मांजर आत येईल. पण तेच 'लावलं', तोच आवाज, तोच सहजपणा मी रोज खड्ड्यात बसून ऐकत होतो आणि त्याच्यावर मान टाकत होतो.

मी कंबर धरली असं सांगून रजा टाकली. खोटं बोललो, पण अगदीच खोटं नाही, कारण अंग खरंच धरलं होतं. डोक्यावर काही असलं की ते खाली येतंय असं वाटायचं. पलंगावर उताणं पडलं की छत. बसमध्ये बसलं की बसचं छत. स्वयंपाकघरात भांड्यांची फळी. पाचावर धारण बसणे म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं. ते असं दिवसाढवळ्या, भाजी निवडता निवडता, बायकोसमोर बसतं हे माहीत नव्हतं. ती म्हणायची, "कंबर दुखतेय म्हणता आणि खुर्चीवर ताठ बसून छताकडे काय बघताय?" मी म्हणायचो, "पापुद्रे निघालेत बघ रंगाचे." ती वर बघायची. खरंच निघालेले होते. "मग काढा एकदा रंग, घरी बसलायत तर," ती म्हणायची आणि चष्म्याच्या दुकानात कामाला निघून जायची. तिला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या बापानं मला मारलं असतं? जोडीदार नाही म्हणून साहेबांनी मामांना तेवढे दिवस वर्कशॉपमध्येच ठेवलं होतं. संध्याकाळी ते कामावरून यायचे, दारातच विचारायचे, "काय पैलवान, कशी आहे कंबर?" आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून पायमोजे काढायचे. मला त्यांची भीती वाटायची. ज्या माणसानं माझा हात धरून तारा ओळखायला शिकवलं, त्यांची पावलं जिन्यावर वाजली की मी पेपर तोंडासमोर धरायचो. लाज वाटायची आणि भीतीही वाटायची.

सांगायला हवं होतं. नाही असं नाही. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी मामांना घरी बसवलं असतं, पण पाठीमागून सांगणं म्हणजे जेवल्या ताटात थुंकणं. आणि तोंडावर सांगायचं तर ते शब्द जिभेवर येईनात. मामांचं सगळं आयुष्य त्या एका 'बंद'वर उभं. त्यांच्या हाताखालचा एकही माणूस कधी जायबंदी झाला नाही, हे ते दुसरं काही सांगायला नसलं की सांगतात. त्यांना कसं म्हणायचं की मामा, तुमच्या शब्दावर आता भरवसा राहिला नाही? मी मुळातच भित्रा. लोक म्हणतात, लिफ्टवर काम करतोस म्हणजे मोठाच धीराचा. कसला धीर? खड्ड्यात उतरायला धीर लागत नाही, वरचा माणूस ओळखीचा असला की पुरतं. माझा सगळा धीर उसना होता, आणि ज्यांच्याकडून आणला होता त्यांच्याचपाशी तो संपला होता.

आईची आठवण यायला लागली ती याच दिवसांत. आई शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, उशांचे अभ्रे, जे येईल ते. मशीन खिडकीपाशी, आणि ती दिवसभर देवाशी बोलायची. पोथी नाही, जप नाही, हात जोडणं नाही. नुसतं बोलणं, तेही भांडल्यासारखं. "काय बघत बसलायस? बाही उलटी लागली तेव्हा सांगायला काय झालं होतं?" सुई ओवताना म्हणायची, "सर बाजूला, उजेड अडवू नकोस." आम्ही भावंडं पलंगावर ऐसपैस लोळत असलो की म्हणायची, "सरका रे जरा, त्यालाही टेकू दे." ताई मग खरंच सरकायची, गंभीर चेहऱ्यानं, आणि मी खिदळायचो. मामांना लग्नानंतर मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या आईचा देव भलताच रिकामटेकडा. जगाचा पसारा सोडून दिवसभर शिवण बघत बसायचा!" आईला ते कळलं तेव्हा तीही हसली होती. म्हणाली, "व्याह्यांना सांग, लिफ्टपण बघतो म्हणावं."

ताई गेली तेव्हा मी शाळेत होतो. ताप डोक्यात गेला म्हणाले. त्या वॉर्डात घरच्या माणसांना थांबू देत नसत. आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली आणि ताई आत गेली; म्हणजे आत होती, ती आतच गेली. नंतर कितीतरी दिवस आई बोलली नाही, कुणाशीच नाही. मग एके दिवशी शाळेतून आलो तर मशीन चालू, आणि आईची कुरकुर चालू. "हा दोरा तुला बरा वाटतो? मला नाही वाटत." मी दप्तर फेकलं आणि ओरडलो, "कुणाशी बोलतेस? कुणी नाहीये तिथे! असता तर ताई एकटी मेली असती?" आईनं पाय थांबवला. मला वाटलं आता मारणार. पण ती म्हणाली, "एकटी नव्हती. मला सोडलं नाही त्यांनी आत. त्याला कोण अडवणार?" मी म्हटलं, "मग वाचवलं का नाही?" आईनं सुईखालचं कापड सरळ केलं. "ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "मीपण विचारते. रोज विचारते. सांगत नाही." आणि तिनं पुन्हा पायडल मारलं. मला तिचा भयंकर राग आला होता. ज्याला विचारलेलं सांगता येत नाही त्याच्याशी बोलायचंच कशाला? मी बोलणं टाकलं. तसं माझं कधी बोलणं नव्हतंच, पण त्या दिवशी ठरवून टाकलं. आई शेवटपर्यंत बोलत राहिली. तिच्या शेवटच्या आजारात मी शेजारी असायचो, ती भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायची, आणि मला आपण त्या खोलीत तिसरे आहोत असं वाटायचं.

आता छताकडे बघत बसल्या बसल्या मी खड्ड्यातला तो क्षण उलटसुलट करून पाहत होतो. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं मन तिथेच जायचं. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. भीती नंतरची होती. जिन्यावर आली, मशीन रूममध्ये आली, घरी येऊन मुक्कामालाच राहिली. पण ते बूड खाली येत होतं तेव्हा मी भ्यालो नव्हतो. तेव्हा मी काय केलं होतं? मी सरकलो होतो. वीतभर, डाव्या बाजूला. त्याला काही अर्थ नव्हता, खड्डा सगळीकडे सारखाच, लिफ्ट आली असती तर डावीकडेही तेवढीच आली असती. माणूस जीव वाचवायला आडवा पडतो, उडी मारतो, ओरडतो. मी मात्र बाकावर कुणी बसायला आलं की आपण सरकतो तसा सरकलो होतो. हे आठवलं तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. मग मी स्वतःलाच झापलं. काही नाही, अंग आपोआप आक्रसतं, भ्यायलाही वेळ मिळाला नसेल, उगाच आईचं भूत अंगात आणू नकोस. पण ते सरकणं काही पुसलं जाईना. मी कुणासाठी सरकलो होतो?

सकाळी बायको डबे भरत होती. मामा बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाले, "आज तेच अर्धवट राहिलेलं काम उरकतो. बंद लिफ्टपायी तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे हाल चाललेत. साहेबांनी लंबूला दिलाय बरोबर, तू पड निवांत." लंबू म्हणजे आमच्यातला सगळ्यात उंच माणूस. खड्ड्यात बसला तरी त्याचं डोकं वर राहतं, यावरून आम्ही त्याला चिडवत आलोय. त्याला जुळ्या मुली, आत्ताच चालायला लागलेल्या. "खाली कोण, लंबू?" मी विचारलं. "मग काय मी? माझे गुडघे वाकतात का आता?" मामा म्हणाले. बायकोनं विचारलं, "बाबा, चष्मा घेतलात?" "घेतला." चष्मा फ्रिजवर होता. तिनं तो त्यांच्या खिशात खोचला आणि मान हलवून हसली. मी उठून शर्ट चढवला. बायको म्हणाली, "हे काय? आणि कंबर?" मी म्हटलं, "गेली. म्हणजे, बरी आहे."

गाडीत मी मामांच्या शेजारी बसलो होतो. लंबू चालवत होता, मुलींच्या गमती सांगत होता. एक उभी राहिली की दुसरी तिला ढकलते. मामा खो-खो हसत होते. दर सिग्नलला मी ठरवत होतो, आता सांगायचं. आणि सिग्नल सुटला की मी म्हणायचो, पुढच्याला. इमारत आली. मामा जिना चढून वर गेले, स्विच चढवून त्यांनी लिफ्ट चालू करून बघितली, पहिल्या मजल्यावर आणून उभी केली. दारावर वायर अजून तशीच होती. लंबूनं बाह्या सरसावल्या आणि एक पाय खड्ड्यात टाकला. मी त्याचा दंड धरला. "तू गाडीतून नवं लॉक घेऊन ये. मी उतरतो." "अहो, तुमची कंबर..." "सांगितलं ना, जा!" मी खेकसलो, तसा तो चमकून गेला. त्याला पाठवला दोन कारणांसाठी. एक तर तो खाली नको होता. आणि पुढे जे होणार होतं, ते ऐकायला मामांच्या नि माझ्याशिवाय तिसरं माणूस नको होतं. बाहेरच्या बटणापाशी राखण करायला मग कुणी उरणार नव्हतं, हे मला कळत होतं.

काठावर बसलो, पाय आत सोडले. पाय उतरेनात. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण मी तिथे बसून बोललो. ओठ हलवून, हळू, आईसारखं. "हे बघ," मी म्हटलं, "आई म्हणायची तू असतोस. मला तू कधी दिसला नाहीस, ऐकू आला नाहीस, आत्ताही येत नाहीयेस. ताईच्या वेळी तू काही केलं नाहीस, आजही करशील असं मी धरून चाललेलो नाही. लिफ्ट आली तर येईल. पण त्या दिवशी मी तुझ्यासाठी सरकलो होतो, ते माझं मला माहीत आहे. तू होतास म्हणूनच सरकलो असेन. मी उतरतोय. बरोबर ये." काहीही झालं नाही. उजेड नाही, वारा नाही, अंगावर शहारासुद्धा नाही. तेलाचा आणि ओलसर सिमेंटचा तोच वास. पण मी उतरलो. भीती कमी झाली म्हणून नव्हे. भीती होती तेवढीच होती, फक्त तिच्यासोबत मी एकटा नव्हतो. हे मला कसं कळलं ते विचारू नका. आईला विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं.

खाली बसलो. वर ते बूड. मी तोंड वर केलं. "बंद?"

"बंद."

माझ्या तोंडातून शब्द पुरता निघायच्या आतच उत्तर आलं. हत्तीला आंघोळ घातली तेव्हा आलं होतं तसं. आणि स्विच पडल्याचा तो जाड खटका, शाफ्टमधून खालपर्यंत येतो तो, आलाच नाही. की आला आणि मला ऐकू गेला नाही? आता चढून बाहेर जाता आलं असतं. बाहेर गेलो असतो, जिना चढून स्वतः स्विच पाडला असता, मामा म्हणाले असते चिकटला होता, मी म्हणालो असतो हो. आणि पुन्हा कधीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीत, लंबू इथे बसला असता. इथून, या खड्ड्यातून, त्यांच्या शब्दाखाली बसूनच ते विचारायला हवं होतं. नाहीतर ते मामांना खरं वाटलं नसतं. खड्ड्यात उतरणं काहीच नाही, असं मला वाटलं; खरा खड्डा हा पुढचा आहे. ज्यांनी मला पोरगी दिली त्यांना आता मी तोंडावर म्हणणार होतो की तुमचा शब्द मला पुरत नाही. "आहेस ना?" मी शेजारी विचारलं. मग वर बघून ओरडलो, "मामा, बघून सांगा!"

"काय?" मामांचा आवाज आला. त्यात राग होता. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

"स्विचकडे बघा, हात लावून बघा आणि मग सांगा!"

तेवढ्यात तळमजल्यावर पावलं वाजली. चपला घासत कुणीतरी येत होतं, सावकाश, म्हातारं माणूस असावं. मला ओरडून सांगता आलं असतं, थांबा, बटण दाबू नका. तोंडही उघडलं. आवाजच फुटला नाही. स्वप्नात होतं तसं. पावलं जवळ आली. थांबली. मी डोळे मिटले नाहीत. मी जागा सोडली नाही. ताई आठवली. आत, त्या वॉर्डात, तिलाही असंच वाटलं असेल का, भीती आणि शेजार, दोन्ही एकदम? वाटलं असेल तर बरं. इतकंच मनात आलं, तर बरं.

खाड् करून खटका पडला. जाड, जड, लोखंडी. लगेच बाहेर कुणीतरी बटण दाबलं. टिक. काही हललं नाही. "बंदच आहे वाटतं अजून," एक म्हातारा आवाज स्वतःशीच म्हणाला आणि चपला घासत जिन्याकडे गेला.

मग मामांचा आवाज आला. मी त्यांचा तसा आवाज कधीच ऐकला नव्हता. बारीक, लहान मुलासारखा. "नव्हता रे."

मी बसूनच राहिलो.

"नव्हता केला," मामा पुन्हा म्हणाले. "आता केलाय. मी बघतोय. हात लावून बघतोय. आता खरंच बंद आहे."

लंबू लॉक घेऊन आला तेव्हा मी खड्ड्याच्या काठावर बसलो होतो. तो म्हणाला, "चेहरा काय झालाय तुमचा?" मी म्हटलं, "लॉक बसव, दाराबाहेर उभं राहूनच बसव, खालचे बोल्ट आज राहू देत, उतरू नकोस," आणि जिना चढायला लागलो. प्रत्येक मजल्यावर दारं होती, दारांमागे माणसं, रेडिओ, कुकरच्या शिट्ट्या. मशीन रूमच्या दारातून बघितलं तर मामा भिंतीला चिकटून उभे. स्विच दोन्ही हातांनी खाली दाबून धरलेला, बोटं पांढरी पडलेली. तो आता पडलेलाच होता, धरायची काही गरज नव्हती. "सोडा मामा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "सोडला आणि परत..." ते म्हणाले. मी जवळ जाऊन त्यांची बोटं एकेक करून सोडवली. हात बर्फासारखे गार होते.

मामा पायरीवर बसले. मीही बसलो. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या दिवशीपण?" मी म्हटलं, "त्या दिवशीपण." "म्हणजे चिकटला नव्हता." "नाही." "तुला माहीत होतं." "हो." ते हातांकडे बघत राहिले. मग एकदम माझ्यावर भडकले, "मग मूर्खा, आज खाली कशाला उतरलास? पोरीला विधवा करायची होती माझ्या?" लंबूचं नाव सांगता आलं असतं, त्याच्या मुलींचं सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण ते पुरं नव्हतं. मी म्हटलं, "मी एकटा नव्हतो, मामा." मला वाटलं आता ते रिकामटेकड्या देवाची थट्टा करतील. केली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं, खूप वेळ, एखादी तार जिवंत आहे की मेलेली हे बघतात तसं. मग चष्मा काढला आणि डोळे पुसले. चष्मा पुसला नाही, डोळे पुसले. "मला हे आठवतसुद्धा नाही रे," ते म्हणाले. "मी 'बंद' म्हटलं, आणि मला स्विच पाडल्याचं दिसत होतं. हात खाली गेलेला दिसत होता. आता मी कशावर विश्वास ठेवू?" खालून लंबूचा हातोडा वाजत होता. मामा भ्याले होते. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भ्यालेलं बघत होतो, आणि ती भीती मला ओळखीची होती.

"साहेबांना आज मीच सांगतो," थोड्या वेळानं ते म्हणाले. आवाज परत त्यांचा झाला होता, जवळजवळ. "आणि घरीही. पोरीला मीच सांगणार, तू तोंड उघडायचं नाहीस. ती रडेल, चिडेल, इतके दिवस लपवलंत म्हणून तुझ्यावरही ओरडेल. मला मधेच बोलता येईनासं होईल कदाचित. तू काही करू नकोस. नुसता माझ्या शेजारी बस."

मी म्हटलं, "बसतो."